हाताचं किट मिळत नाही

चेनसॉ सुरू होईनाशी झाली की बहुतेकांना वाटतं, मशीन संपलं. खरं तर बऱ्याच वेळा त्याला नुसतं पेट्रोल पोचत नसतं. टाकी भरलेली असते, दोरी ओढली की इंजिन फिरतं, प्लगला ठिणगीही पडते. पण टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये काडेपेटीच्या आसपासच्या आकाराचा धातूचा एक ठोकळा बसलेला असतो आणि सगळं त्याच्या मर्जीवर चालतं. तो कार्बोरेटर. आपल्या मंडळाच्या अंकात कादंबऱ्यांवर, कवितांवर, फार तर प्रवासावर लेख येतात. यंदा मी कार्बोरेटरवर लिहितेय. कारण या ऑक्टोबरमध्ये मी जे काही नीट वाचलं, ते त्या ठोकळ्याजवळ बसून वाचलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, घाटाच्या अंगाला. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर झाडं पडतच असतात. कुणाच्या परड्यात फणस आडवा, कुणाच्या कौलांवर आंब्याची फांदी, कुठं रस्त्यावर अकेशिया. पप्पांचं काम तेच. शेतीबरोबर गेली एकोणीस वर्षं ते झाडं कापून देतात. उभं झाड असेल तर वनखात्याची परवानगी बघितल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत, आणि घरावर पडलेलं असेल तर जेवण टाकून जातात. आमच्या दोघा भावंडांच्या कॉलेजच्या फिया बऱ्याच अंशी या मशीनमधून आल्या आहेत.

यंदा पावसात पप्पांना ताप आला, मग तो लांबला. मशीन जवळजवळ तीन महिने पडवीत पोत्याखाली पडून राहिलं, टाकीत जुनं पेट्रोल तसंच. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढलं तेव्हा चोक लावून पाचसहा वेळा दोरी ओढल्यावर ते सुरू झालं, बारीक आवाजात चाललंही. पण रेस दिली की घुसमटल्यासारखं करून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा रेस, पुन्हा बंद. पप्पांनी अर्धा तास तेच केलं आणि शेवटी मशीन जमिनीवर ठेवून हात चोळत बसले.

त्यात घाई होती. आमच्या चर्चच्या सिमेटरीत जुलैच्या वाऱ्यात मोठा गुलमोहर आडवा झाला होता. सहा कबरी त्याच्याखाली. एक आमच्या आजोबांची. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे, त्या दिवशी सगळा गाव मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं घेऊन तिथं येतो, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी झाड काढून देतो, असं पप्पांनी मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं.

शहरातल्या एका दुकानात मशीन नेलं. तिथल्या माणसानं न उघडताच सांगितलं, कार्बोरेटर गेला, नवा टाका. ओरिजिनलची किंमत काही हजारांत. डुप्लिकेट स्वस्तात मिळेल, पण गॅरंटी नाही. पप्पा मशीन घेऊन परत आले आणि जेवताना म्हणाले, "विकूनच टाकतो आता."

मला वाटलं मम्मी काहीतरी समजूत घालेल. ती भात वाढत म्हणाली, "बिघडलं ते बरंच झालं."

ती असं का म्हणाली ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गेले तीन हिवाळे पप्पांच्या हाताची बोटं पहाटे पांढरी पडतात. पांढरी म्हणजे अक्षरशः, मेणासारखी. आधी डाव्या हाताची दोन टोकं, आता दोन्ही हातांची मधल्या पेरापर्यंत. मग ऊब मिळाली की ती निळसर होतात, लाल होतात, आग होते. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. मागच्या वर्षी बेळगावच्या डॉक्टरांनी हात तपासले, काम काय करता विचारलं आणि चेनसॉ म्हटल्यावर मान हलवली. मशीनच्या थरथरीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, म्हणाले. यावर गोळी नाही. थरथर कमी करा, हात गार पडू देऊ नका, बिडी सोडा. बिडी पप्पांनी सोडली. बाकीच्या दोन गोष्टी तशाच राहिल्या.

तर आमच्या घरात प्रश्न असा होता. मशीन दुरुस्त झालं तर पैसे येणार, शब्द पाळला जाणार, आणि पप्पांचे हात पुन्हा त्याच थरथरीला लागणार. नाही झालं तर हात वाचणार, पण पप्पा नुसते बसून राहणार. त्यांना बसून राहिलेलं बघणं आम्हाला कुणालाच जमत नाही. मी दसऱ्याच्या सुट्टीत घरी होते. म्हटलं, दुरुस्त करायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी झालंय काय ते तरी बघू. बिघाड कळला की निदान निर्णय तरी आपण घेतलेला असतो. दुकानदारानं घेतलेला नसतो.

मशीनबरोबर आलेली पुस्तिका पप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय. ती इंग्रजीत आहे. पप्पा मराठी पेपर जाहिरातींसकट वाचतात, कन्नड पाट्या वाचतात, पण ही पुस्तिका त्यांनी कधी वाचलेली नव्हती, फक्त चित्रं बघितली होती. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. "वाचूलीस ते सगळं खरं काय ग?" असं ते मधून मधून विचारत होते, आणि बऱ्याच ठिकाणी "हे मला ठाऊक हाय, पण असं लिहिलेलं हाय हे ठाऊक नव्हतं" असंही म्हणत होते.

पहिली गोष्ट, कार्बोरेटर उघडायच्या आधी त्याच्या अलीकडचं सगळं तपासायचं. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघितलं. झाकणाचं किंवा टाकीचं हवा घ्यायचं छिद्र बुजलेलं असेल तर पेट्रोल खाली जाताना टाकीत पोकळी होते आणि मशीन थोड्या वेळानं बंद पडतं. झाकण सैल केलं की पुन्हा चालतं. आमच्यात फरक पडला नाही. टाकीतला छोटा फिल्टर तारेच्या आकड्यानं बाहेर ओढला, तो मळलेला होता, बदलला. तरी तेच. रबरी नळी वाकवून, ताणून बघितली, कुठं चीर नाही. एअर फिल्टर धुतला. मशीन बंद पडल्या पडल्या प्लग काढला, तर टोक कोरडं. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोचत नाही, भिजलेला प्लग म्हणजे जास्त पोचतंय किंवा ठिणगी नाही. आता कार्बोरेटरच उरला.

तो उघडण्याआधी तो चालतो कसा हे मला समजून घ्यायचं होतं. मोटारसायकलच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये एक वाटी असते आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसाच. पातळी वाढली की तो वर येतो आणि पेट्रोल बंद करतो. पण चेनसॉ आडवी धरतात, तिरकी धरतात, कधी उलटी. तिथं तरंगणाऱ्या वस्तूचा उपयोग नाही. म्हणून चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतो, पातळ पडदे असतात. डायफ्रॅम.

मधे एक नळी, तिचा गळा अरुंद. इंजिन हवा ओढतं, हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि तिचा दाब उतरतो. उतरलेल्या दाबानं पेट्रोल बारीक छिद्रांतून ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. या अरुंद गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्यानं प्रवाहांवरचं आपलं काम १७९७ मध्ये प्रसिद्ध केलं. आणि तो धर्मगुरूची दीक्षा घेतलेला होता. मी हे पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे फादरनी केलेलं हाय. मग एवढं का रुसतंय?"

ठोकळ्याच्या एका बाजूला पंप असतो. पिस्टन खालीवर होताना इंजिनाच्या खालच्या भागातला दाब कमीजास्त होतो. ती धडधड एका छिद्रातून पंपाच्या पडद्यापर्यंत येते, पडदा फडफडतो आणि टाकीतलं पेट्रोल वर ओढतो. दुसऱ्या बाजूला दुसरा डायफ्रॅम, त्याच्याखाली एक छोटा लिव्हर, लिव्हरला अडकलेली सुई, आणि लिव्हरखाली स्प्रिंग. या डायफ्रॅमची बाहेरची बाजू एका छिद्रातून बाहेरच्या हवेला उघडी असते. इंजिनानं पेट्रोल ओढून घेतलं की आतला दाब उतरतो, बाहेरची हवा पडदा आत ढकलते, पडदा लिव्हर दाबतो, सुई वर उचलते आणि हवं तेवढंच पेट्रोल आत येतं. कप्पा भरला की पडदा मागे, सुई बंद. हे न थांबता चालू असतं. म्हणजे सगळा खेळ पडद्याच्या मऊपणावर. तो ताठ झाला तर सुई पुरती उघडत नाही. बारीक चालायला पुरेल इतकं पेट्रोल येतं, रेस दिल्यावर लागणारं येत नाही. आमच्या मशीनचं दुखणं तंतोतंत हेच होतं.

कार्बोरेटरवर मॉडेलचा नंबर कोरलेला असतो. तो भिंगानं वाचून त्याचं दुरुस्तीचं किट मागवलं. चारशे रुपयांच्या आत. पाच दिवसांनी कुरिअर आलं.

पडवीत उजेडात पांढरी चादर अंथरली. पांढरी यासाठी की पडलेली स्प्रिंग दिसावी. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घेतला आणि काढलेला प्रत्येक भाग क्रमानं एकेका खणात ठेवत गेले. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. पंपाच्या बाजूचं झाकण काढलं तर आत टिकलीएवढी जाळी, आणि तिच्यावर काकवीसारखा तपकिरी थर. सुकलेलं पेट्रोल आणि टूटी ऑइल. दुसऱ्या बाजूचा डायफ्रॅम काढून बोटानं दाबला. नवा कापडासारखा लवत होता, जुना एक्सरेच्या फिल्मसारखा कडकड वाजत होता.

पप्पा म्हणाले, पूर्वी चार महिने पेट्रोल राहिलं तरी असं होत नव्हतं. त्यात तथ्य असावं. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. देशानं हे लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं. आमच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात बंद पडवीत पडून राहिलेल्या टाकीत तर विचारायलाच नको. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला वेगळं होतं, आणि टाकीतल्या नळीचं तोंड तळालाच असतं. जुन्या रबरालाही इथेनॉल मानवत नाही. हे वाचताना मला गंमत वाटली, कारण इथेनॉल येतं कुठून, तर बऱ्याच अंशी उसातून. आमचा बेळगाव जिल्हा म्हणजे उसाचा. कॉलेजला येताना हिवाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे आमची एसटी अडकते. त्या उसाचा काही भाग फिरून आमच्या पडवीत आला असेल. यात कुणाला दोष द्यायचा नाही. उसाला भाव मिळावा असं आम्हालाही वाटतं. फक्त पडून राहणाऱ्या मशीनच्या टाकीत ते पेट्रोल ठेवायचं नाही, एवढं शिकायचं.

सगळे रबरी भाग बाजूला काढल्यावर ठोकळ्यात कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारला, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. छिद्रांत तार किंवा टाचणी घालायची नाही. ती छिद्रं मोजून पाडलेली असतात, केसभर मोठी झाली तरी हिशेब चुकतो. मग पंक्चरच्या दुकानात जाऊन हलक्या दाबानं हवा मारून आणली.

आता जोडणी. आणि इथं ते घडलं ज्यासाठी मी हा लेख लिहितेय.

सुई, स्प्रिंग, लिव्हर आणि त्याची पिन. स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी, पिन टाचणीच्या तुकड्याएवढी. पप्पा म्हणाले, दे मी बसवतो. एकोणीस वर्षं त्यांनी या मशीनचं सगळं स्वतः केलंय, चेनला कानस मारण्यापासून क्लच बदलण्यापर्यंत. त्यांनी ट्रेमधली सुई चिमटीत उचलली, ठोकळ्याजवळ आणली, छिद्रात सोडली आणि लिव्हरकडे हात नेला. सुई ट्रेमध्येच होती. चिमटीत काही नव्हतं. त्यांना ते कळलं नव्हतं. त्यांच्या बोटांना वाटलं होतं की आपण काहीतरी धरलंय.

मी काही बोलले नाही. त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे, आणि हात मांडीवर ठेवले. "तूच लाव," म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. थोड्या वेळानं म्हणाले, "पांढरी पडतात तेवढंच वाटलेलं मला."

मी सुई लावली. स्प्रिंग तिच्या खड्ड्यात बसवली, लिव्हरची चीर सुईच्या गळ्यात अडकवली, पिन सरकवली, स्क्रू घट्ट केला. पप्पा शेजारी बसून प्रत्येक पायरी तोंडानं सांगत होते. लिव्हरची उंची बघ. उंच राहिला तर पेट्रोल उतू जाईल, खाली राहिला तर उपाशी मरेल. पट्टी लावून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पातळी जुळवली. डायफ्रॅमच्या बाजूला आधी पॅकिंग मग पडदा, पंपाच्या बाजूला मात्र उलटं, आधी पडदा मग पॅकिंग. इथं फोटो कामाला आले. माझी बोटं आणि पप्पांची एकोणीस वर्षं, असं मिळून ते काम झालं.

सुई नीट बंद होते का ते बघायला दाबाचा पंप लागतो, तो आमच्याकडे कुठला? मम्मीचं बीपी बघायचं हवेचं मशीन होतं. त्याच्या पट्ट्याची नळी काढून कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या तोंडाला लावली आणि फुगा दाबला. काटा ३०० पर्यंत जातो. तो पाऱ्याचा हिशेब, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. काटा तिथंच थांबायला हवा. घसरला तर सुई गळतेय. मम्मी दारात उभी राहून बघत होती. "माझ्या मशीनला पेट्रोलचा वास आला तर बघा," म्हणाली, पण काटा थांबलाय की नाही हे बघायला तीच खाली वाकली. थांबला होता.

मशीन जोडलं. नवीन पेट्रोल, लिटरला २० मिली टूटी ऑइल, म्हणजे पन्नासास एक. ट्यूनिंगचे एच आणि एल हे दोन्ही स्क्रू अलगद मिटवून पुस्तिकेप्रमाणे एकेक फेरा उघडले. चौथ्या दोरीला सुरू झालं. आधी एल, मग स्लो, शेवटी एच. इथं मात्र मला काही कळत नव्हतं आणि पप्पांना सगळं कळत होतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन चिरक्या आवाजात पळतं, ऐकायला जोरदार वाटतं, पण तेलही कमी मिळत असल्यामुळे पिस्टन तापून जाम होतो. पूर्ण रेसला मोकळं फिरताना आवाज किंचित जाड, अडखळल्यासारखा राहिला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर साफ झाला पाहिजे. पप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि बोटानं खूण करत होते, थोडं उघड, अजून, बास.

मशीन चालू झालं आणि आमचा खरा प्रश्न जिथल्या तिथं आला.

त्या रात्री मी थरथरीबद्दल वाचत बसले. थंडीत बोटं पांढरी पडण्याचं वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये केलं होतं. पण मशीन आणि बोटं यांचा संबंध नीट मांडणाऱ्यांत आधीचं नाव एका बाईचं आहे. डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला चुनखडीच्या खाणींत हवेच्या हातोड्यानं दगड फोडणाऱ्या कामगारांचे हात तिनं १९१८ मध्ये तपासले. तीच पांढरी बोटं. शंभर वर्षं होऊन गेली. त्या कामगारांच्या बायकाही चहा देताना "बरंच झालं बिघडलं" म्हणाल्या असतील का, असं मनात आलं.

मग मी पुस्तिका पुन्हा उघडली. शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो, जो कुणी वाचत नाही. त्यात मशीनची थरथर दिलेली असते, पुढच्या आणि मागच्या मुठीची वेगवेगळी, मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात. तो आकडा नव्या मशीनचा असतो. इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये रबराचे तुकडे असतात, थरथर मुठीपर्यंत जाऊ नये म्हणून. ते फाटले की थरथर सरळ हातात. बोथट चेनही हात जास्त हलवते, कारण ती लाकूड कापत नाही, ओरबाडते. सकाळी मुठी हलवून बघितल्या. चारपैकी दोन रबरं फाटलेली. पप्पांना माहीत होतं. "चालतंय की तेवढं," असं म्हणत त्यांनी ती तशीच ठेवली होती. कार्बोरेटर बिघडला की मशीन बंद पडतं, म्हणून त्याची दुरुस्ती होते. रबर फाटलं तरी मशीन चालतं. त्याचा बिघाड माणसाच्या हातात साठत जातो.

चारही रबरं बदलली. चेनला कानस मारून आणली. आणि मग आम्ही चौघं जेवायला बसलो तेव्हा मी म्हटलं, मशीन ठेवायचं असेल तर नियम ठरवू. मम्मीनं तिथंच ठरवले. एक टाकी संपली की पप्पांनी हात सोडायचा, पुढची टाकी चुलतभाऊ चालवेल. पहाटेच्या गारठ्यात काम घ्यायचं नाही. हातमोजे घालूनच. आणि हे वर्ष झालं की पप्पांनी उभं राहून सांगायचं, कापायचं दुसऱ्यांनी. पप्पा म्हणाले, "सांगायचे पैसे कोण देणार?" मम्मी म्हणाली, "न सांगता कापल्यावर अंगावर झाड पडतंय, ते वाचवायचे पैसे." पप्पा हसले. मान्य केलं असं म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

२६ ऑक्टोबरला, रविवारी मिस्सा झाल्यावर, गुलमोहर कापला. पप्पांनी झाडाभोवती दोनदा फेरी मारली. पडलेल्या झाडाच्या खोडात ताण साठलेला असतो, कुठल्या बाजूनं आधी कापायचं हे चुकलं तर लाकूड उसळतं किंवा पट्टी आत अडकते. त्यांनी खोडावर खडूनं खुणा केल्या, एक, दोन, तीन. पहिली टाकी त्यांनी चालवली. मशीन कुठंच घुसमटलं नाही. टाकी संपली, पप्पांनी मशीन खाली ठेवलं आणि सगळे बघत असताना चुलतभावाला म्हणाले, "आता तू. मी सांगतो." आजोबांच्या कबरीवरचा ओंडका त्यानंच कापला. पप्पा कबरीच्या डोक्याशी उभे राहून हातानं खूण करत होते, थोडं खाली, अजून, बास.

मशीन वाचवलं म्हणजे पप्पांना वाचवलं, असं मला म्हणायचं नाही. त्यांची बोटं या हिवाळ्यातही पांढरी पडताहेत. डॉक्टर म्हणाले, थरथर थांबली तर पांढरं पडणं कमी होऊ शकतं, गेलेला स्पर्श परत येईलच असं नाही. कार्बोरेटरचं किट चारशे रुपयांत घरपोच येतं, त्यात मऊ पडदा, नवी सुई, नवी स्प्रिंग, सगळं असतं. हाताचं किट मिळत नाही. म्हणून हात बिघडायच्या आधी बघायला हवेत. दुर्दैव असं की ते बंद पडून कुणाला सांगत नाहीत.

तुमच्याही घरी चेनसॉ असेल, गवत कापायचं मशीन असेल, फवारणीचा पंप असेल, तर पावसाआधी टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपेल. मुठी हलवून रबरं बघा. आणि ते मशीन चालवणाऱ्याला एकदा चिमटीत सुई उचलायला सांगा. आमच्या मशीनच्या टाकीवर पप्पांनी आता पांढऱ्या पेंटनं लिहिलंय, "मे अखेर रिकामी". त्याच्याखाली मम्मीनं तोच ब्रश घेऊन लिहिलंय, "एक टाकी".